वेगळी शाळा, वेगळा अभ्यासक्रम

एकोणिसाव्या शतकातील पुण्यात परक्या मुलांशेजारी वर्गात बसावे लागणार असेल तर मुलगी शाळेत पाठवलीच जात नसे, आणि म्हणूनच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात सुरू केलेली शाळा केवळ मुलींची होती. अशा शाळांना शिक्षिकांची गरज भासू लागल्याने शिकलेल्या स्त्रीला, विशेषतः विधवेला, मानाने पोट भरण्याचा मार्ग खुला झाला. स्वतंत्र शाळेचा हा लाभ कोणत्याही तात्त्विक युक्तिवादापेक्षा मोलाचा मानावा लागेल.

हुजूरपागेची, म्हणजे पेशव्यांच्या खास घोडदळाच्या जागेवरची, मुलींची शाळा रानडे, भांडारकर, मोडक प्रभृतींच्या पुढाकाराने १८८४ मध्ये उघडली, तरी वाद मिटला नाही. शाळा अकरा ते पाच भरे. एवढा वेळ मुलगी घराबाहेर राहिली तर घरकाम शिकणार कधी, असा टिळकांच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाचा आक्षेप होता, आणि शाळा सकाळी किंवा संध्याकाळी तीनच तास ठेवून इंग्रजीऐवजी गृहोपयोगी विषयांवर भर द्यावा, असे १८८७ च्या सुमारास सुचवले गेले. मुलींना वेगळे बसवण्यात नुकसान नव्हते. वेगळे बसवले म्हणून कमी शिकवावे, या आग्रहात ते होते.

धोंडो केशव कर्वे यांनी जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवरून स्फूर्ती घेऊन १९१६ मध्ये स्थापलेल्या महिला विद्यापीठात ही गुंतागुंत ठळकपणे दिसते. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस त्याने इतरांच्या कितीतरी आधी केले. परंतु गृहव्यवस्था व आरोग्य यांसारखे विषय स्त्रियांचे म्हणून निराळे काढल्याने त्याची पदवी दुय्यम समजली जाण्यास वाव राहिला, आणि कायद्याने मान्यता मिळण्यास १९४९ साल उजाडले.

मात्र पुरुषांसोबत शिकल्याने समान वागणूक मिळे, असेही नव्हते. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना पदवी परीक्षांची दारे उघडल्यानंतर डेक्कन कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांमध्ये शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी उत्तम गुण मिळवूनही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्या स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारण्यात आली. हितचिंतकांनी जमवलेल्या पैशांवर त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल या स्त्रियांच्या महाविद्यालयात गेल्या आणि बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली. तिची पदवी विद्यापीठाने त्यांना १९२२ मध्ये दिली.