शिरगणतीत न सापडलेले पणजोबा

आमच्या घरात पणजोबांविषयी तीन गोष्टी सांगत असत. जुहूला त्यांच्या स्वतःच्या मालकीचे चाळीस माड होते, ही पहिली. ओहोटीची वेळ साधून ते खाडी पायी ओलांडीत आणि डोक्यावर माडीचे मडके असूनही त्यांचे धोतर गुडघ्यावर भिजत नसे, ही दुसरी. आणि तिसरी, ते प्लेगात गेले. या तिन्ही गोष्टी आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकल्या होत्या की त्या तपासून पाहाव्यात असे कधी मनातही आले नाही.

तपासण्याची वेळ आली ती एका फॉर्मापायी. आमच्या पुतण्याच्या मुलीला कॉलेजप्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र पडताळून हवे होते. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. त्याआधीचा पुरावा लागतो, आणि जितका जुना तितका बरा. ती पोर आम्हांस म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतिहास सांगत हिंडता, मग आपल्याच माणसाचा एक कागद काढून द्या ना!" आता नाही कसे म्हणावे?

आम्हांस वाटले, काम सोपे आहे. सरकारने १८७२ पासून शिरगणती केली, १८८१ पासून दर दहा वर्षांनी अगदी नियमाने केली. पणजोबा जुहूहून कोठे हालले नाहीत. तेव्हा १८८१, १८९१, १९०१ या तीन साली गणतीदार त्यांच्या दारात उभा राहिलाच असणार. नाव, वय, जात, धंदा विचारून गेलाच असणार. तो कागद मिळवायचा, इतकेच.

तो कागद नाही. तो कोणाचाच नाही. आपल्याकडे घरोघरच्या पत्रकांवरून तक्ते तयार झाले की मूळ पत्रके नष्ट करीत. उरतात ते छापील ग्रंथ. ठाणे जिल्हा, साष्टी तालुका, भंडारी इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. त्या आकड्यात आमचे पणजोबा आहेत, हे निश्चित. पण एका पोत्यातला तांदळाचा एक दाणा जसा असतो तसे आहेत. १८६४ साली मुंबईची स्वतंत्र गणती झाली होती, परंतु ती शहराची. जुहू तेव्हा माहीमच्या खाडीपलीकडे, साष्टीत. आणि १९४८ च्या कायद्याने तर गणतीची कागदपत्रे कोणास पाहता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. माणसाने खरे सांगावे म्हणून हे गुपित राखले, हे आम्हांस मान्य आहे. पण इंग्लंडातही गुपित राखतात, शंभर वर्षे राखतात आणि मग उघडतात. त्यांची १९२१ ची गणती २०२२ साली लोकांना पाहावयास मिळाली. अमेरिकेत तर बहात्तर वर्षेच थांबावे लागते. ज्या साहेबाने आपल्या आजोबांचे कागद जपले, त्यानेच आमच्या आजोबांचे मोजून झाल्यावर रद्दीत घातले!

याहून विलक्षण गोष्ट पुढची. मुंबई बंदरातून आपली जी माणसे करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेली, त्यांची नोंद आहे. नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची. आणि १८६० च्या दशकापासून पुढच्या कित्येकांचे छायाचित्रसुद्धा. मोका येथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती दप्तरे ठेवलेली आहेत आणि तिकडचे मराठी लोक त्यांवरून आपले कोकणातले गाव शोधीत येतात. जो हक्काच्या मजुरासारखा बोटीत चढविला गेला त्याचा चेहरा राहिला. जो आपल्या माडाखाली राहिला त्याचे नावही नाही. आमच्या जुहूतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचे त्यापेक्षा बरे. त्यांचे सेंट जोसेफ चर्च १८५३ चे. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सारे वहीत.

मग आम्ही गावच्या दप्तराकडे वळलो. गाव नमुना चौदा म्हणजे जन्ममृत्यूची वही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून हे नाव घरोघर पोचले आहे. वही मोडीत. एका कचेरीत आम्हांस तीन खेपा घालाव्या लागल्या, ते असो. मोडी वाचणारे गृहस्थ भिंग लावून बसले आणि चौथ्या दिवशी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. आमच्या आजोबांचा जन्म, १९०३. बापाचे नाव पणजोबांचे. जात भंडारी.

पोरीचे काम झाले. आमचे मात्र बिघडले. मांडवीला प्लेग दिसला तो १८९६ च्या सप्टेंबरात. घरातल्या गोष्टीप्रमाणे पणजोबा गेले ते त्याच्या पुढल्या वर्षी. मग १९०३ साली त्यांना मुलगा कसा?

असा प्रश्न घरात मोठ्याने विचारता येत नाही. आम्ही पंधरा दिवस गप्प होतो. पणजीविषयी मनात भलतेसलते येई आणि आमची आम्हांसच लाज वाटे. शेवटी मोरागावात आमची नव्वदीची आत्या राहते, तिच्याकडे गेलो आणि आडून आडून विषय काढला. ती म्हणाली, "अरे, सर्वपित्रीला आपल्याकडे पाने दोन मांडतात ना? दुसरे कोणाचे?" आम्ही जन्मभर ती दोन पाने पाहिली होती, एक कावळ्याचे आणि एक गाईचे, अशी आमची समजूत. "दुसरे थोरल्याचे," आत्या म्हणाली. "प्लेगात थोरला गेला. धाकट्याने त्याची पोरे वाढविली, त्याचे माड धरले. पोरे त्यालाच बाबा म्हणत."

दोन भावांचा एक माणूस झाला होता. मेला तो एक, जगला तो दुसरा. सांगणाऱ्यांनी एकाचे मरण दुसऱ्यास लावले. लबाडी कोणीच केली नाही. थोरल्याच्या मुलांना "तुमचा बाप प्लेगात गेला" असे सांगत, धाकट्याची मुले शेजारी बसून तेच ऐकत.

वहीत पुढे धाकट्याचा मृत्यूही सापडला. कारण ताप, वय साठ. या साठावर आम्ही विश्वास ठेवीत नाही. जुन्या गणत्यांच्या तक्त्यांत तीस, चाळीस, पन्नास, साठ या वयांवर माणसांचे ढीग पडलेले दिसतात, एकोणसाठ आणि एकसष्ट वर्षांचे फारसे कोणी नसतेच. वय विचारले की लोक पूर्ण आकडा सांगत.

राहिले ते चाळीस माड. आजोबांच्या शाळेच्या दाखलपुस्तकात पालकाचा धंदा या रकान्यात लिहिले आहे: मजुरी. हा शब्द वाचून घरातले सगळे रागावले, आत्या सर्वांत अधिक. पण १८७८ चा अबकारी कायदा ध्यानात घेतला म्हणजे उलगडा होतो. त्याने झाडागणिक कर बसविला, परवान्यावाचून पोयीला कोयती लावणे गुन्हा ठरले, विक्रीचा मक्ता पैसेवाल्याकडे गेला. माड दारात असून भंडारी मक्तेदाराचा गडी झाला. चाळीस माड खरे असतील, मजुरीही खरी. मास्तराने विचारले तेव्हा पणजोबांनी काय उत्तर दिले असेल आणि कोणत्या आवाजात, हे कोणत्याही रकान्यात नाही.

तो वाळूचा दांडा, ती पायउतार खाडी आता कोठे दाखवावी? १८९० च्या दशकात जमशेटजी टाटांनी जुहूला जमीन घेतली, पुढे १९२८ च्या सुमारास विमाने उतरू लागली, १९५० साली उपनगर मुंबई महापालिकेत आले, आणि त्याच सुमारास दारूबंदीने माडीचा धंदाही बसला. खाडीचा नाला झाला.

यंदाच्या सर्वपित्रीला आम्ही आत्याकडे गेलो होतो. थोरल्याचे नाव मात्र तिलाही आठवत नाही. मोडी वाचणारे गृहस्थ १८९७ ची वही शोधीत आहेत.