सायकलच्या पायडलला पट्टा लावायचा की टो-क्लिप? पैसे टाकण्याआधी एवढं बघून घ्या

जळगाव-धुळ्याकडे पहाटे हायवेला गिअरच्या सायकली दिसतात. कोणी लळिंग घाटापर्यंत जाऊन येतं, कोणी चाळीसगावहून कन्नड घाट चढतं, कोणी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी करतं. ती साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते. एवढी लांब सायकल चालवायची म्हटली की पाय पायडलवर धरून ठेवणारा पट्टा किंवा क्लिप लावावी का, हा प्रश्न येतोच. वस्तू चुकली तर पैसे वाया जातात. पण पट्टा जास्त आवळला आणि पाय वेळेवर निघाला नाही, तर माणूस सायकलसकट रस्त्यावर आडवा होतो. मागून ट्रक येत असेल तर विचारच नको.

फायदा किती?

पाय वर ओढून दुप्पट जोर मिळतो, असं सांगणारे भेटतात. तसं नसतं. नेहमीच्या चालीत जवळपास सगळा जोर पाय खाली दाबतानाच लागतो. खरा फायदा म्हणजे पाय जागेवर राहतो. खड्ड्यात, पावसात किंवा जोरात पायडल मारताना बूट सटकून नळी सोलली जात नाही.

पूर्वी शर्यतीतले सायकलपटू क्लिप आणि पट्टाच वापरायचे. १९८४ च्या सुमारास फ्रान्सच्या लुक कंपनीने बुटाच्या तळाला खटका बसणारं पायडल आणलं. १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड हिनॉल्टने तेच वापरून जिंकली, आणि शर्यतीतल्या क्लिपा मागे पडल्या. पण त्या पायडलला वेगळे बूट लागतात. साध्या बुटावर भागवायचं तर आजही क्लिप किंवा पट्टाच स्वस्त पडतो.

प्रकार तीन

१) टो-क्लिप : बोटांपुढे येणारा लोखंडी किंवा प्लॅस्टिकचा पिंजरा. त्यातून चामड्याचा किंवा नायलॉनचा पट्टा जातो. पकड चांगली, पण सवय लागते.

२) अर्धी क्लिप : हिला पट्टा नसतो, फक्त बोटं अडतात. पाय पटकन निघतो. नवख्यासाठी हीच बरी.

३) रुंद तिरपा पट्टा : पायावरून आडवा जातो आणि बहुतेक वेळा वेल्क्रोने चिकटतो. रोजच्या बुटावर चालतो. वेल्क्रोत चिखल-माती भरली की पकड सुटते, म्हणून साफ ठेवावा लागतो.

आधी पायडल बघा

साध्या काळ्या सायकलीच्या रबरी ठोकळ्यांच्या पायडलला टो-क्लिप नीट बसत नाही. क्लिपसाठी पायडलच्या पुढच्या पट्टीला स्क्रूची भोकं हवीत, पट्ट्यासाठी दोन्ही बाजूंना फट हवी. पायडल बदलायचं तर मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंचाचे आटे असतात, लहान मुलांच्या बऱ्याच सायकलींना अर्ध्या इंचाचे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जबरदस्तीने फिरवलं तर क्रँकच खराब होते.

माप कसं घ्यायचं?

नेहमीचा बूट घालूनच माप घ्या. पायाचा चवडा पायडलच्या दांड्यावर आला पाहिजे आणि बुटाचं टोक व क्लिप यात थोडी फट राहिली पाहिजे. टोक दाबलं गेलं तर मोठं माप घ्या. मग पायडल पुढे आणून हँडल वळवून बघा. लहान फ्रेमच्या सायकलीत क्लिप पुढच्या चाकाला घासू शकते. पट्ट्याचं बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हाताने लगेच सैल करता येतं.

खोल दातऱ्यांचा बूट पायडलच्या पट्टीत अडकतो, म्हणून तळ सपाट असावा. चपलेवर तर या वस्तू वापरूच नका.

पाय काढायची सवय

पाय आडवा ओढला की अडकतो. आधी मागे सरकवायचा, मग बाहेर काढायचा. हे हायवेवर शिकू नका. खळ्यात किंवा गावच्या मैदानावर, पट्टा सैल ठेवून, हात विचार न करता चालतो तसा पाय निघेपर्यंत सराव करा. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, म्हणून थांबताना डावा पाय आधी काढायची सवय ठेवा. गतिरोधक, चौक, गुरांचा कळप लांबून दिसला की पाय तेव्हाच मोकळा करा. पाय क्लिपच्या बाहेर असला की क्लिप उलटी लटकते आणि जमिनीला घासते, तिकडेही लक्ष ठेवा.

कोणी लावू नये?

दुधाच्या कॅन किंवा चाऱ्याचा भारा घेऊन जाणाऱ्यांनी, गर्दीत पावलोपावली थांबणाऱ्यांनी आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी हे लावू नये. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळणाऱ्या सायकली शाळेत जाण्या-येण्यासाठी असतात. त्यांना घट्ट ब्रेक, चांगली बेल आणि न झिजलेलं रबरी पायडल एवढं पुरे.

लांबच्या रस्त्याला नव्याने लागलेल्यांनी अर्ध्या क्लिपपासून सुरुवात करावी. पाय न बघता सुटायला लागला, की मग पट्ट्याचा विचार करावा.