तीन मिनिटांची शीळ

परवा नातवाचा पुण्याहून फोन आला. "आजी, आमच्या बँडचं पहिलं सिंगल येतंय!" म्हटलं, सिंगल म्हणजे काय रे? तर म्हणे, एकच गाणं आधी बाहेर काढायचं, लोकांना आवडलं तर पुढचं.

मला हसू आलं. अरे, आमच्या लहानपणी गाणं असंच यायचं की! काळी तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात काय ते सांगून मोकळं व्हायचं.

आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन गिरगावातल्या काकांनी आणला, मे महिन्यात, बोटीनं. (पावसाळ्यात बोटी बंद!) भगवती बंदरात बोट लांब उभी राहायची आणि माणसं, सामान पडावातून किनाऱ्याला. काकांनी तबकड्यांची पेटी तान्ह्या पोरासारखी मांडीवर धरली होती म्हणे. त्यात एक तबकडी 'शीळ'ची होती. लेबल पार झिजलेलं, पण ओटीवर ती लागली की आई माजघरातून दाराशी येऊन उभी राहायची.

ते गाणं गायलेलं गजानन... चुकले, गोविंद नारायण, म्हणजे जी. एन. जोशी यांनी. शिक्षणानं वकील. १९३० नंतरच्या एक-दोन वर्षांतली ही तबकडी. तोवर मराठी माणूस विकत घ्यायचा ती मुख्यतः नाटकातली पदं. बोलपट नुकते येत होते, 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. रविकिरण मंडळातले कवी आपल्या कविता सभांतून गाऊन दाखवत, पण ती मैफल तिथंच संपे. नाटक नाही, सिनेमा नाही, नुसती एक कविता, तीही साध्या चालीत, आणि ती घरोघरी वाजली! पहिलं मराठी भावगीत म्हणून आज तिचंच नाव घेतात. जोशी पुढे १९३८ मध्ये एचएमव्ही कंपनीतच नोकरीला लागले आणि मोठमोठ्या गवयांची गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली.

आता खरं सांगायचं ते सांगते. शाळेत लागले तेव्हा स्नेहसंमेलनात मी हे गाणं मुलींकडून बसवून घेतलं आणि सूत्रसंचालनात लिहिलं, 'एक जुने लोकगीत'. मराठी घेऊन बी. ए. झालेली मी! कुणी हरकत घेतली नाही. उलट टाळ्या मिळाल्या.

पुढे नगर वाचनालयात एक कवितासंग्रह हाती आला. नाव 'शीळ', कवी ना. घ. देशपांडे. उभ्या उभ्या कविता वाचली आणि कान तापले. हे कवीही वकीलच, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे. गवई आणि कवी, दोघांचाही जन्म १९०९ चा! पुस्तकाचं साल मात्र १९५४. म्हणजे गाणं वीस वर्षं महाराष्ट्रभर फिरलं, आमच्या ओटीपर्यंत पोचलं, आणि कवीचं पहिलं पुस्तक त्यानंतर आलं. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला १९८६ साली, 'खूणगाठी'साठी. २००० साली ते गेले.

गाणं इतकं आपलं व्हावं की ते कुणी लिहिलं हेच विसरावं, याला कवीचं भाग्य म्हणतात. मीही वर्गात तसं म्हणत असे. पण ती आमच्या आळसाला दिलेली गोंडस सबब होती. मेहकरात एक माणूस हयात होता, कविता लिहीत होता, आणि मी त्याला लोकगीत करून टाकलं.

त्या संमेलनातल्या मुली आता साठीला आल्या असतील. कुणी हे वाचत असाल तर बायांनो, बाईंची चूक दुरुस्त करून घ्या.

नातवाला एवढंच विचारलं, "गाण्याचे शब्द कुणाचे?" म्हणाला, "एका मित्राचे. तो बँडमध्ये नाही."

म्हटलं, त्याचं नाव आधी लिही. मग गा.