चाल, वेग आणि कॅसलरॉकचा घाट

स्पीड आणि व्हेलॉसिटी हे इंग्रजी शब्द दीर्घकाळ जवळपास एकाच अर्थाने वापरले जात. स्पीडचा जुना अर्थ यश, भरभराट असा होता; व्हेलॉसिटी लॅटिनमधून आला. एकोणिसाव्या शतकात दिशा असलेल्या राशींचे गणित उभे राहिले आणि दोघांची वाटणी झाली. स्पीड म्हणजे वस्तू किती जलद जाते एवढेच, तर व्हेलॉसिटीत दिशाही आली. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांना चाल आणि वेग म्हणतात. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ गिब्ज यांनी या गणिताची टिपणे 1881 ते 1884 या काळात खासगीरीत्या छापून घेतली.

त्याच सुमारास आजच्या कर्नाटकातील रामनगरच्या पश्चिमेला सह्याद्रीत रेल्वेचे काम चालू होते. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर पोर्तुगीज गोव्यातले मुरगाव बंदर रेल्वेने ब्रिटिश हिंदुस्थानला जोडायचे ठरले. मीटरगेज मार्ग 1888 मध्ये कॅसलरॉकपर्यंत पोहोचला आणि तेथे सदर्न मराठा रेल्वेला मिळाला. लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक, मग दूधसागर धबधब्यावरून खाली कुळे, अशी ही वाट.

चाल आणि वेग यांतला भेद समजावून घ्यायला सपाट रुळांवरच्या गाडीपेक्षा हा घाट कितीतरी चांगला. कॅसलरॉक ते कुळे रुळांवरून सुमारे 26 किलोमीटर पडते. सरळ रेषेतले अंतर त्याहून बरेच कमी. समजा, गाडीने हा उतार एका तासात पार केला. तिची सरासरी चाल ताशी 26 किलोमीटर होईल. सरासरी वेग मात्र सरळ रेषेतल्या अंतरावरून काढायचा, म्हणून तो कमी भरतो आणि त्याची दिशा नैऋत्येची असते. गाडी परत कॅसलरॉकला आली, तर जाऊन-येऊन सरासरी वेग शून्य, कारण ती निघाली तिथेच पोहोचली. चाल शून्य होत नाही. वाफेच्या काळात चढाला मागून लावलेल्या बँकर इंजिनांनी जाळलेला कोळसाही परत मिळत नसे.

वळणावर हा भेद रुळांना सोसावा लागतो. चालकाने चाल एकसारखी ठेवली तरी दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणजे वेग बदलतो. वेग बदलायला बल लागते आणि ते रूळच चाकांना देतो. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच बसवतात तो त्यासाठीच. तीव्र उतारावर चालीला घातलेली मर्यादा वळणांसाठी असते, तशीच ब्रेकच्या ताकदीसाठीही.

भारताने 1955 मध्ये पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा या घाटातली रेल्वे वाहतूक थांबली. गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि 1990 च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. रूळ रुंद झाले तरी घाटाचा चढ आणि वळणे टळली नाहीत, त्यामुळे गाड्या आजही तेथे सावकाशच चालवाव्या लागतात.