अपस्मार, बालकांचा औषधदुर्दम : हॉर्मोन-चिकित्सा

अपस्माराची नेहमीची औषधे विचारपूर्वक निवडून व योग्य मात्रेत देऊनही ज्या बालकांचे झटके आटोक्यात येत नाहीत, त्यांच्यापैकी काही विशिष्ट प्रकारच्या रुग्णांना पोष ग्रंथीतील अधिवृक्क-बाह्यक-पोषक हॉर्मोन (एसीटीएच) अथवा प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे देऊन करण्यात येणारी चिकित्सा. सुयोग्य अशी दोन औषधे निष्फळ ठरली म्हणजे अपस्मार औषधदुर्दम समजावा, असा आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाचा संकेत आहे. परंतु ज्या रोगात या चिकित्सेची योग्यता सर्वांत स्पष्टपणे सिद्ध झाली, त्या वेस्ट लक्षणसमूहात, म्हणजे तान्ह्या मुलांच्या आकडीत, नेहमीची औषधे बहुधा फसतातच आणि ती फसेपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे दिवस हातचे जातात, म्हणून तेथे हॉर्मोन हाच पहिला इलाज होय.

या रोगाची पहिली हकीकत एका पित्याने लिहिलेली आहे. इंग्लंडमधील वैद्य विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकास पत्र धाडून आपल्या मुलाची अवस्था कळविली : जन्मतः धडधाकट असलेले मूल चौथ्या महिन्यापासून मान पुढे टाकू लागले, पुढे ती मान गुडघ्यांपर्यंत वाकू लागली, असे झोके एकामागून एक येत, आणि मुलाची बुद्धी दिवसेंदिवस मंदावत चालली. जळवा, रेचके, हिरड्यांना छेद, अफू असे त्या काळी ज्ञात असलेले सर्व उपाय करून थकलेल्या या पित्याने समव्यावसायिकांकडे मार्गदर्शन मागितले. परंतु उपयुक्त उत्तर देण्याजोगे ज्ञान त्या वेळी कोणापाशीच नव्हते, आणि ते हाती येण्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली.

रोग बहुधा तिसऱ्या ते बाराव्या महिन्यांच्या दरम्यान प्रकट होतो. मूल झोपेतून उठते, आणि काही क्षणांतच त्याचे हात एकाएकी फाकतात, मान व कंबर पुढे झुकते, पुन्हा सैल पडते. काही सेकंदांच्या अंतराने हाच प्रकार पुनःपुन्हा घडतो आणि मालिका संपता संपता मूल रडू लागते. घरातील वडीलधारी मंडळी यास दचकणे किंवा पोटातली कळ समजतात, मुलास ग्राइप वॉटर पाजले जाते. आणि झटका इतका अल्प असतो की तपासणीच्या वेळी तो दिसला नाही तर वैद्यही फसतो. सांप्रत भ्रमणध्वनीवर घेतलेले चित्रण दाखविणे हा निदानाचा फार उपयुक्त मार्ग झाला आहे. हसणारे मूल हसेनासे झाले, आईच्या चेहऱ्याकडे पाहीनासे झाले, ही तक्रार कोणत्याही वैद्याने हलक्यावारी घेऊ नये. मस्तिष्कविद्युतालेखात (ईईजी) उंच व बेशिस्त तरंगांचा जो गोंधळ दिसतो, त्यास गिब्स दांपत्याने १९५२ मध्ये ‘हिप्सॲरिद्मिया’ ही संज्ञा दिली.

बेल्जियममधील सोरेल व दुसोसी-बोलोय यांनी १९५८ साली एसीटीएचच्या अंतःक्षेपणाने हे झटके थांबून आलेखही सुधारल्याचे प्रसिद्ध केले. हे हॉर्मोन अधिवृक्क ग्रंथीस कॉर्टिसोल स्रवण्यास प्रवृत्त करते, त्यामुळे गुण स्टेरॉइडचाच असावा, असे एक मत. शिशूच्या मेंदूत अतिरिक्त झालेल्या कॉर्टिकोट्रोपिन-मोचक हॉर्मोनास ते थेट आवर घालते, असे दुसरे. दोहोंचा निवाडा अद्याप झालेला नाही.

ब्रिटनमध्ये १०७ शिशूंवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, हॉर्मोन-चिकित्सा (प्रेडनिसोलोनच्या गोळ्या किंवा एसीटीएच-जातीचे इंजेक्शन) मिळालेल्यांपैकी ७३ टक्क्यांचे, तर व्हिगाबॅट्रिन हे अपस्माराचे औषध मिळालेल्यांपैकी ५४ टक्क्यांचे झटके दोन आठवड्यांच्या अखेरीस थांबलेले आढळले. प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅम, आठवड्यात गुण न आल्यास ६० मिलिग्रॅम, अशी तेथील मात्रा होती. तान्ह्या मुलास ती मोठी वाटते, आणि याच भीतीपोटी पुष्कळदा अपुरी मात्रा दिली जाते. ग्रंथिल काठिण्य (ट्यूबरस स्क्लेरोसिस) हे कारण असल्यास मात्र व्हिगाबॅट्रिनच श्रेयस्कर.

भारतात या रोगामागे जन्मसमयी मेंदूस प्राणवायू कमी पडणे आणि पहिल्या दिवसांत रक्तशर्करा घसरणे ही कारणे वारंवार आढळतात, आणि रुग्ण उशिरा दाखल होतात. एसीटीएच महाग आहे. अमेरिकेत तर त्याच्या एका कुपीची किंमत २००७ साली सुमारे १,६०० डॉलरांवरून २३,००० डॉलरांवर नेण्यात आली, आणि आजारी अर्भकांच्या औषधाबाबत असा व्यवहार व्हावा ही गोष्ट संतापजनकच म्हणावी लागते. प्रेडनिसोलोनची गोळी मात्र तालुक्याच्या दुकानातही अल्प दरात मिळते. वरील तुलनेत तिने इंजेक्शनच्या जवळपास यश दिल्याने, इंजेक्शनची तजवीज होईपर्यंत मूल बिनइलाज ठेवण्याचे समर्थन उरत नाही.

लँडाउ-क्लेफ्नर लक्षणसमूहात, जेथे बोलके मूल अबोल होते, तेथेही स्टेरॉइडांचा उपयोग करतात. शरीरातील ॲलोप्रेग्ननोलोन या स्टेरॉइड-द्रव्यासारखे घडविलेले गॅनॅक्सोलोन हे औषध सीडीकेएल-५ या जनुकाच्या विकारातील झटक्यांसाठी अमेरिकेत २०२२ साली मान्य झाले.

एसीटीएच किंवा प्रेडनिसोलोनची चिकित्सा चालू असता मुलाचा चेहरा सुजतो, भूक व चिडचिड वाढते, झोप उडते. रक्तदाब व रक्तातील साखर नियमित पाहावी लागते. संसर्गाचा धोका मोठा असल्याने घरात कोणास क्षय आहे काय याची आधी चौकशी करावी, आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस वैद्याच्या सल्ल्याने लांबणीवर टाकावी. औषध एकाएकी बंद करू नये. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी, आणि त्यानंतरही काही काळ मुलास तीव्र ताप, वांत्या किंवा शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास पूर्वी स्टेरॉइड दिल्याचे वैद्यास आवर्जून सांगावे, कारण तोवर मुलाची अधिवृक्क ग्रंथी स्वबळावर पुरेसा स्राव देऊ शकेलच असे नाही.