विल गीअर : एका चरित्र-अभिनेत्याचे जीवन आणि काळ्या यादीचा काळ

अमेरिकन रंगभूमीचा व चित्रपटाचा इतिहास आजवर बहुतांशी नायक-नायिकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ज्याचे नाव जाहिरातीच्या वरच्या ओळीत कधी झळकत नाही, परंतु ज्याच्यावाचून कथेतील गाव, न्यायकचेरी, शेत वा कुटुंब उभेच राहू शकत नाही, त्या नटवर्गाची दखल इतिहासकाराने क्वचितच घेतली आहे. अशा नटाला आपल्याकडे 'चरित्र-अभिनेता' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द तितकासा समर्पक नाही. कारण हा नट कोणाचे चरित्र रंगवीत नसून एखाद्या स्वभावाचे, वयाचे वा व्यवसायाचे नेमके रूप उभे करीत असतो. परंतु शब्द रूढ झाला आहे, म्हणून येथेही तोच वापरला आहे.

इतिहासाभ्यासाच्या दृष्टीने या वर्गाचे महत्त्व निराळेच आहे. नायकाच्या आयुष्याभोवती प्रसिद्धीखात्याने विणलेले वलय असते व ते बाजूला सारण्यातच अभ्यासकाची बरीच शक्ती खर्ची पडते. चरित्र-अभिनेता हा मात्र मुळात रोजंदारीवरचा कारागीर असतो. त्याला काम केव्हा मिळाले, केव्हा मिळाले नाही आणि का मिळाले नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून त्या व्यवसायाची व त्या समाजाची खरी स्थिती कळून येते. प्रस्तुत लेखात विल गीअर (१९०२–१९७८) या अभिनेत्याचे जीवन या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने तपासावयाचे आहे.

गीअरचा जन्म ९ मार्च १९०२ रोजी इंडियाना राज्यातील फ्रँकफर्ट या गावी झाला. लहानपणी आजोबांच्या सहवासात त्याला झाडाझुडपांची ओळख झाली व त्यांची शास्त्रीय नावे तोंडपाठ झाली. पुढे शिकागो विद्यापीठात त्याने वनस्पतींचेच शिक्षण घेतले. परंतु नाटकाचा ओढा अधिक प्रबळ ठरला. फिरत्या मंडळ्यांतून उमेदवारी करीत तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि १९२८ मध्ये शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये पिस्टलच्या छोट्याशा भूमिकेत ब्रॉडवेवर आला. वनस्पती आणि शेक्सपिअर हे दोन विषय त्याच्या आयुष्यात अखेरपर्यंत बरोबर राहिले. त्यांपैकी पहिला केवळ छंद नव्हता, हे पुढील घटनांवरून स्पष्ट होईल.

१९२९ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेत लक्षावधी लोक बेकार झाले. नटवर्गही त्यातून सुटला नाही. या काळात गीअर डाव्या चळवळीकडे वळला व १९३४ च्या सुमारास कम्युनिस्ट पक्षात दाखल झाला. त्याची पत्नी हर्टा वेअर ही अभिनेत्री होती. 'मदर ब्लूर' या नावाने विख्यात असलेल्या मजूर-पुढारी एला रीव्ह ब्लूर यांची ती नात. संप, मजुरांच्या सभा आणि शेतमजुरांच्या छावण्या ही या दांपत्याच्या दृष्टीने नाट्यगृहाइतकीच अभिनयाची ठिकाणे होती.

रूझवेल्ट सरकारने बेकार कलावंतांसाठी १९३५ मध्ये 'फेडरल थिएटर प्रोजेक्ट' ही योजना सुरू केली होती. तिच्या वतीने मार्क ब्लिट्झस्टाइनचे 'द क्रेडल विल रॉक' हे संगीत नाटक १९३७ मध्ये बसविण्यात आले. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स व निर्माता जॉन हाउसमन होता. पोलादाच्या कारखान्याचे एक गाव, त्याचा सर्वसत्ताधीश मालक 'मिस्टर मिस्टर' आणि त्याच्याविरुद्ध उभी राहणारी मजूर संघटना असा त्याचा विषय. या मालकाची भूमिका गीअरकडे होती. प्रयोगाच्या तोंडावर वॉशिंग्टनहून हुकूम आला की, खर्चकपातीमुळे कोणताही नवा प्रयोग तूर्त होऊ नये. १६ जून रोजी नाट्यगृहाला पहारा बसला. तेव्हा जमलेल्या प्रेक्षकांना घेऊन मंडळी शहराच्या वरच्या भागातील व्हेनिस थिएटरकडे पायी निघाली. नटसंघाच्या नियमामुळे नटांना दुसऱ्या निर्मात्यासाठी रंगमंचावर उभे राहण्यास मनाई होती. परंतु प्रेक्षागृहात उभे राहण्यास मनाई नव्हती! रंगमंचावर एकटा ब्लिट्झस्टाइन पियानोपाशी बसला आणि नटांनी आपापल्या खुर्च्यांतून उठून भूमिका म्हटल्या. यातील बहुतेकांचा चरितार्थ सरकारी मदतवेतनावर चालत होता, हे ध्यानात घेतल्यास त्या रात्रीच्या धाडसाचे मोल कळते. पुढे दोनच वर्षांनी, ३० जून १९३९ रोजी, काँग्रेसने ती योजनाच बंद केली.

१९३७ मध्येच स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन'च्या ब्रॉडवेवरील प्रयोगात गीअर 'स्लिम' झाला. 'टोबॅको रोड' हे दक्षिणेतील दरिद्री कुळांचे नाटक १९३३ ते १९४१ पर्यंत ३,१८२ प्रयोग चालले. त्यातील जीटर लेस्टरची प्रमुख भूमिका वेगवेगळ्या वेळी अनेक नटांनी केली. गीअर हा त्यांपैकी एक. ३ मार्च १९४० रोजी त्याने न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट थिएटरात स्थलांतरित शेतमजुरांच्या साहाय्यार्थ एक कार्यक्रम घडवून आणला. कॅलिफोर्नियात मजुरांच्या छावण्यांतून त्याच्याबरोबर हिंडलेला वुडी गथ्री हा गायक त्या रात्री न्यूयॉर्कच्या श्रोत्यांपुढे आला, व लोकगीतांचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स याची आणि त्याची तेथेच गाठ पडली. अमेरिकन लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ अनेक अभ्यासक या रात्रीपासून मानतात. त्या इतिहासात गीअरचे नाव तळटिपेपुरते येते. चरित्र-अभिनेत्याचे भाग्य रंगमंचाबाहेरही बदलले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलीवुडमध्ये त्याचा जम बसू लागला. १९४९ चा 'इन्ट्रूडर इन द डस्ट', १९५० चे 'ब्रोकन अ‍ॅरो' व 'विंचेस्टर '७३' या चित्रपटांत तो लागोपाठ दिसतो. शेवटच्यात तर त्याने वायट अर्प हा इतिहासप्रसिद्ध अंमलदार रंगविला आहे. नेमक्या याच सुमारास 'रेड चॅनल्स' ही पुस्तिका जून १९५० मध्ये निघाली. तीत रेडिओ, दूरचित्रवाणी इत्यादी क्षेत्रांतील १५१ व्यक्तींची नावे त्यांच्या तथाकथित कम्युनिस्ट संबंधांसह छापली होती. त्यांत गीअरचे नाव होते.

एप्रिल १९५१ मध्ये त्याला प्रतिनिधिगृहाच्या 'अन-अमेरिकन' कारवाया चौकशी समितीपुढे बोलाविण्यात आले. येथे साक्षीदारापुढील कायदेशीर पेच नीट समजून घेणे आवश्यक आहे. १९४७ मध्ये समितीपुढे आलेल्या 'हॉलीवुड टेन' या दहा जणांनी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा, म्हणजे विचारस्वातंत्र्याचा, आधार घेतला होता. तो टिकला नाही व ते तुरुंगात गेले. उरला तो पाचव्या दुरुस्तीचा आधार : स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची कोणावरही सक्ती नाही. परंतु फेब्रुवारी १९५१ मध्ये रॉजर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, साक्षीदाराने स्वतःच्या सभासदत्वाविषयीची अशी माहिती एकदा दिली की, इतरांची नावे सांगण्याचे नाकारताना त्याला या संरक्षणाचा आधार घेता येणार नाही. सारांश, 'मी माझ्यापुरते सांगेन, मित्रांविषयी बोलणार नाही' ही प्रामाणिक माणसाला सुचणारी मधली वाटच बंद झाली होती. एक तर सर्व सांगावयाचे, नाही तर काहीच सांगावयाचे नाही. गीअरने पाचव्या दुरुस्तीचा आश्रय घेऊन नावे सांगण्याचे नाकारले. तुरुंग टळला, परंतु हॉलीवुडचे दरवाजे बंद झाले. यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही, की कोणते न्यायालय बसवावे लागले नाही. १९४७ च्या नोव्हेंबरात चित्रसंस्थांच्या चालकांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात बसून अशा मंडळींना काम न देण्याचे जाहीर केलेच होते.

या यादीचा आघात सर्वांवर सारखा झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. लेखकाला टोपणनावाने लिहिता येत होते आणि कित्येकांनी तसे लिहिलेही. नटाचे तसे नसते. त्याचा चेहरा आणि आवाज हेच त्याचे भांडवल. ते टोपणनावाखाली झाकता येत नाही.

काळ्या यादीतील मंडळींनी मिळून केलेला 'सॉल्ट ऑफ द अर्थ' हा चित्रपट मात्र त्याला लाभला. दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन, लेखक मायकेल विल्सन आणि निर्माता पॉल जॅरिको हे तिघेही बहिष्कृत. विषय न्यू मेक्सिकोतील एम्पायर झिंक खाणीच्या १९५० ते १९५२ मधील संपाचा. मेक्सिकन वंशाच्या खाणकामगारांना न्यायालयाने निदर्शनांची मनाई केली, तेव्हा त्यांच्या बायकांनी पहाऱ्याची जागा घेतली, ही त्यातील सत्यकथा. प्रमुख पुरुष भूमिका हुआन चाकोन या स्थानिक कामगार-पुढाऱ्यानेच केली. गीअरकडे आली ती या बायकांना तुरुंगात टाकणाऱ्या शेरीफची. चित्रण चालू असतानाच नायिका रोसाउरा रेव्हुएल्टास हिला परदेशगमन खात्याने पकडले व तिला मेक्सिकोस परतावे लागले. १९५४ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा देशातील सुमारे डझनभर चित्रगृहांनीच तो दाखविला. १९९२ मध्ये मात्र हाच चित्रपट राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत जतनार्थ समाविष्ट करण्यात आला.

'मिस्टर मिस्टर' आणि हा शेरीफ या दोन भूमिका एकत्र ठेवून पाहिल्यास गीअरच्या अभिनयदृष्टीविषयी काही अनुमान करता येते. ज्या सत्तेशी त्याचा आयुष्यभर विरोध होता, तिचीच रूपे तो रंगवीत होता. चरित्र-अभिनेता स्वतःच्या मताचा पुरस्कार पात्राच्या मुखातून करीत नाही. प्रतिपक्षाला आतून समजून घेणे हा त्याच्या कलेचा नियमच असतो.

उपजीविकेचा प्रश्न राहिलाच होता. लॉस एंजेलिसच्या पश्चिमेस असलेल्या टोपँगा खोऱ्यात गीअर कुटुंबाने जमीन घेतली. विद्यापीठात शिकलेली वनस्पतिविद्या आता कामास आली : भाजीपाला, फळे व रोपे पिकवून ती विकणे हा घराचा आधार झाला. उतारावरच बसण्याच्या जागा करून बहिष्कृत नट व गायक तेथे प्रयोग करू लागले. रोगाने ग्रासलेला वुडी गथ्री काही काळ त्याच आवारातील झोपडीत राहिला. पुढे पतिपत्नी कायद्याने विभक्त झाली, परंतु त्यांचा स्नेह व सहकार्य टिकून राहिले. ब्रॉडवे एखाद-दुसऱ्या चित्रसंस्थेच्या मुठीत नसल्याने तेथे बहिष्कार तितका कडक नव्हता. कनेटिकटमधील स्ट्रॅटफर्ड येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या शेक्सपिअर महोत्सवात गीअरला कामे मिळाली व तेथे त्याने शेक्सपिअरच्या नाटकांत उल्लेखिलेल्या वनस्पतींची बागही जोपासली.

१९६० च्या सुमारास काळ्या यादीला तडे गेले. त्या वर्षी ऑटो प्रेमिंगर याने डाल्टन ट्रम्बो या बहिष्कृत लेखकाचे नाव श्रेयनामावलीत देण्याचे उघडपणे जाहीर केले होते. त्याच प्रेमिंगरने १९६२ च्या 'अ‍ॅडव्हाइज अँड कन्सेन्ट'साठी गीअरला बोलाविले. कथानक असे की, परराष्ट्रमंत्रिपदासाठी सुचविलेल्या गृहस्थावर पूर्वायुष्यातील कम्युनिस्ट संबंधांचा आरोप येतो व सेनेटची उपसमिती त्याची चौकशी करते. गीअरची भूमिका होती सेनेटमधील अल्पसंख्य पक्षाच्या नेत्याची! अकरा वर्षांपूर्वी काँग्रेसच्या समितीपुढे आरोपीसारखा बसलेला माणूस आता पडद्यावर काँग्रेसच्याच सभागृहात बसला होता. पुढे 'सेकंड्स' (१९६६), 'इन कोल्ड ब्लड' (१९६७) आणि 'जेरेमाया जॉन्सन' (१९७२) हे चित्रपट आले. रंगभूमीवर १९६५ मध्ये त्याने कवी रॉबर्ट फ्रॉस्टही उभा केला.

परंतु घरोघर त्याचे नाव झाले ते सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'द वॉल्टन्स' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे. व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखातील एका कुटुंबाची, मंदीच्या काळातील ही कथा; तीत गीअर झाला झेबुलन वॉल्टन, म्हणजे घरातील आजोबा. १९७५ मध्ये त्याला एमी पारितोषिक मिळाले. चौकशी समिती प्रतिनिधिगृहाने कायमची मोडीत काढली तीही १९७५ मध्येच. २२ एप्रिल १९७८ रोजी गीअरचे निधन झाले. मालिकेच्या पुढील हंगामाचा आरंभ आजोबांच्या मृत्यूनेच करण्यात आला.

येथे इतिहासकाराने क्षणभर थांबणे योग्य होईल. मंदीच्या प्रत्यक्ष काळात ज्याने उपाशी मजुरांसाठी आवाज उठविला आणि त्यामुळेच ज्याला देशद्रोही ठरविण्यात आले, तोच त्या मंदीच्या गोड स्मृतीचा राष्ट्रमान्य आजोबा झाला. ही समाजाने दिलेली भरपाई म्हणावी, की सोयीस्कर विस्मृती? प्रस्तुत लेखकाच्या मते ती मुख्यत्वे विस्मृतीच होय. प्रेक्षकांनी आजोबा स्वीकारला. त्याची अकरा वर्षे कोणी परत केली नाहीत, किंबहुना ती गेली होती हेही बहुतेकांच्या गावी नव्हते. एकोणपन्नासाव्या वर्षी तुटलेला धागा साठीत पुन्हा जुळला, तो गीअरपाशी दुसरी विद्या होती व कामाची लहानमोठी प्रत न पाहण्याची वृत्ती होती म्हणून. ज्यांच्यापाशी ही दोन्ही नव्हती, त्यांपैकी पुष्कळजण परतलेच नाहीत. म्हणून गीअरचे आयुष्य हा काळ्या यादीच्या सौम्यपणाचा पुरावा मानता येणार नाही.

१९७३ मध्ये टोपँगातील त्या उतारावरच्या रंगभूमीला संस्थेचे रूप देण्यात आले व तिला 'थिएट्रिकम बोटॅनिकम' हे नाव मिळाले. जॉन पार्किन्सन या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाच्या १६४० मधील महाग्रंथाच्या 'थिएट्रम बोटॅनिकम' या नावावरून ते सुचले. गीअरच्या अस्थी तेथील शेक्सपिअर-बागेत ठेवल्या आहेत आणि त्याची कन्या एलेन गीअर हिने ती रंगभूमी पुढे चालविली. मोठमोठ्या चित्रसंस्थांनी ज्याला आपल्या आवाराबाहेर ठेवले, त्याने भाजीपाला विकून राखलेल्या जमिनीवर उभी केलेली ही रंगभूमी त्याच्यामागेही टिकून राहिली. वर मांडलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्याला या रंगभूमीची नोंदही त्याच्या भूमिकांच्या यादीशेजारीच करावी लागेल.