मॅनोज-६-फॉस्फेट खूण

मॅनोज-६-फॉस्फेट खूण : लयकारिकेत काम करायला निघालेल्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, गॉल्गी पिंडात उमटणारी रासायनिक खूण. मॅनोज ही साधी शर्करा. तिच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेट बसले की ही खूण तयार होते. खूण असलेले विकर लयकारिकेत पोचते. नसेल तर बहुतेक पेशींतून ते थेट बाहेर पडते. विकर नुसते तयार होऊन भागत नाही, ते योग्य जागी जावे लागते, हे वैद्यकाला सर्वांत स्पष्टपणे शिकवले ते या खुणेने.

लयकारिका हे पेशीतील पचनाचे कप्पे. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९५५ मध्ये त्यांना नाव दिले. १९७४ चे नोबेल पारितोषिक त्यांना आल्बेर क्लोद व जॉर्ज पॅलेड यांच्यासह मिळाले. या कप्प्यांचे अंतरंग आम्लयुक्त असते, सामू साधारण ४.५ ते ५. तिथे सुमारे ६० प्रकारची विकरे प्रथिने, मेद, शर्करांच्या साखळ्या आणि पेशीचेच झिजलेले भाग फोडून पुन्हा वापरात आणतात.

यांतले प्रत्येक विकर रायबोसोमवर जन्मते आणि त्याच्या पुढच्या टोकाला अमिनो आम्लांचा एक छोटा संकेत-तुकडा असतो. त्याच्या जोरावर ते आंतर्द्रव्यजालिकेत शिरते. ही कल्पना ग्युंटर ब्लोबेल यांनी डेव्हिड सबातिनी यांच्यासह १९७१ मध्ये मांडली आणि १९९९ मध्ये ब्लोबेल यांना नोबेल मिळाले. आत गेल्यावर हा तुकडा कापला जातो आणि विकरावर १४ शर्करांचे एक तयार झाड बसवले जाते. तेच झाड पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनांवरही बसते. मग गॉल्गी पिंडाला लयकारिकेचे विकर ओळखू कसे येते?

उत्तर विकराच्या घडीत आहे. फॉस्फोट्रान्सफरेज नावाचे विकर इथे निवड करते, आणि ते सलग अक्षरे वाचत नाही. साखळीत एकमेकांपासून लांब असलेली लायसीन ही अमिनो आम्ले घडी पडल्यावर पृष्ठभागावर ठरावीक अंतरावर येतात. तो ठिगळासारखा भाग ते चाचपते. घडी चुकली तर ठिगळही जुळत नाही. ओळख पटली की ते झाडावरच्या मॅनोजला एक झाकलेले फॉस्फेट जोडते. पुढच्या टप्प्यावर दुसरे विकर वरचे झाकण काढते आणि खूण उघडी पडते. आता दोन ग्राही प्रथिने तिला पकडतात; एक ४६ किलोडाल्टनचे, दुसरे सुमारे ३०० किलोडाल्टनचे. ही पकड सामू ६.५ च्या आसपास घट्ट असते. क्लॅथ्रिनचे जाळीदार आवरण असलेल्या पुटिकांतून जोडी पुढच्या कप्प्यात जाते, तिथे सामू ६ च्या खाली उतरला की पकड सुटते. विकर लयकारिकेकडे जाते आणि ग्राही पुढच्या खेपेसाठी गॉल्गीकडे परततो. मोठा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरही असतो आणि बाहेर निसटलेली खूणधारी विकरे आत ओढून घेतो. बाहेरून विकर देण्याच्या अनेक उपचारांचा आधार याच गोष्टीवर आहे.

खुणेचा शोध एका आजाराने लावून दिला. १९६७ मध्ये ज्यूल्स लेरॉय आणि रॉबर्ट डीमार्स यांनी काही मुलांच्या त्वचेतील पेशी वाढवल्या, तेव्हा केंद्रकाभोवती गडद कणांची (इंग्रजीत ‘इन्क्लूजन’) दाटी दिसली. त्यावरून या विकाराला ‘आय-सेल’ आजार हे नाव पडले. जाड हिरड्या, ताठ सांधे, खुंटलेली वाढ, ठळक होत जाणारी चेहऱ्याची ठेवण ही त्याची लक्षणे. हृदय व फुप्फुसे थकत जाऊन अनेक मुले पहिल्या १० वर्षांतच दगावतात. या पेशींत एक नव्हे, अनेक विकरे एकाच वेळी कमी होती आणि रक्तात मात्र तीच विकरे कित्येक पटींनी वाढलेली होती. १९७२ मध्ये एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि हिकमन यांनी निर्णायक प्रयोग केला. निरोगी पेशींनी सोडलेले विकर आजारी पेशींनी सहज आत घेतले. पण आजारी पेशींनी सोडलेले विकर इतर पेशींनी घेतलेच नाही. म्हणजे दोष पेशीच्या घेण्यात नव्हता, विकरावरची खूण हरवली होती. मला हा प्रयोग पेशीविज्ञानातील सर्वांत स्वच्छ तर्कांपैकी एक वाटतो. १९७७ मध्ये विल्यम स्लाय यांच्या गटाने खुणेत फॉस्फेट असल्याचे दाखवले. १९८१ मध्ये मार्क राइटमन, वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले अजित वर्की आणि स्टुअर्ट कॉर्नफेल्ड यांनी या रुग्णांत फॉस्फोट्रान्सफरेजच नसल्याचे सिद्ध केले.

ही खूण म्हणजे एकमेव वाट नव्हे. ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे विकर लिम्प-२ या वेगळ्या प्रथिनाचा हात धरून जाते, आणि आय-सेल रुग्णांच्या यकृतात विकरे बऱ्यापैकी जागेवर सापडतात. कप्पा बदलल्याने होणारा आणखी एक आजार म्हणजे प्राथमिक हायपरऑक्झाल्युरिया. यात काही रुग्णांत यकृताचे एक विकर पेरॉक्सिसोमऐवजी तंतुकणिकेत जाते. विकर धडधाकट असूनही चुकीच्या जागी निरुपयोगी ठरते आणि मूत्रपिंडात खडे साचतात.

लयकारिकेतील एकाच विकराच्या अभावाने होणाऱ्या पॉम्पे आजारात ते विकर बाहेरून शिरेतून देतात. २००६ पासून असे औषध उपलब्ध आहे, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या नव्या औषधावर ही खूण मुद्दाम अधिक प्रमाणात चढवलेली आहे. आय-सेल आजारात अनेक विकरे एकदम चुकतात, त्यामुळे असा उपाय नाही. उपचार त्रास कमी करण्यापुरतेच राहतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, आणि मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. अशा घरात एक मूल आजारी निघाले असेल, तर पुढच्या गर्भारपणाआधी फॉस्फोट्रान्सफरेज घडवणाऱ्या जीएनपीटीएबी जनुकाची तपासणी करून घ्यावी. नेमका दोष माहीत असेल तर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा तपासून निदान करता येते. मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांसाठीच्या राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. विचारणा तिथून सुरू करता येईल.